पिस्तुलात अडकलेली अक्षता

तीर्थरूप मामांस,
विलासचा शिरसाष्टांग नमस्कार.

नुसता मायना लिहिण्यातच पाव तास गेला. 'तीर्थरूप' लिहावे की 'कैलासवासी', याचा निर्णय होईना. कैलासवासी व्यक्तीशी पत्रव्यवहार कसा करावा, हे आम्हाला बी.कॉम.च्या तीनही वर्षांत कोणी शिकवले नव्हते. शेवटी 'तीर्थरूप' ठेवले. तुम्ही शेजारी असतात तर म्हणाला असतात, "जावईबापू, पत्र लिवताय का खरेदीखत?"

आता विषय लिहितो, कारण विषयाशिवाय मला पत्र पुढे नेता येत नाही. विषय: आपल्या पिस्तुलाविषयी मी दिलेला चुकीचा अभिप्राय मागे घेणेबाबत.

हसू नका! निदान इतक्यात हसू नका. अजून सगळे सांगायचे आहे.

काल खंडेनवमी झाली, आज दसरा आहे आणि सोमवारी सुनंदाला घेऊन मला नगरला जायचे आहे. अर्जावर आता अहिल्यानगर लिहावे लागते. तुम्ही मात्र वर गेल्यावरही नगरच म्हणत असाल, याची खात्री आहे. तुम्ही गेल्यावर तुमचे पिस्तूल नियमाप्रमाणे जमा करावे लागले. ते नगरमधल्या त्याच दुकानाच्या लोखंडी कपाटात आहे, जिथे लष्करातून निवृत्त झाल्यावर तुम्ही बावीस वर्षे जिल्हाभरातल्या लोकांची परवान्याची हत्यारे दुरुस्त केलीत. वारसाने मुदतीत परवान्यासाठी अर्ज करायचा, नाही तर हत्यार सरकारजमा. ती मुदत येत्या आठवड्यात संपते.

वारस म्हणजे सुनंदा, तुमची एकुलती लेक. तिने पाच महिन्यांपूर्वीच अर्ज भरून तयार ठेवला होता. तो अडला होता माझ्यामुळे. त्यावर माझी संमती कायद्याला नको होती. पण सुनंदाला हवी होती, आणि मी ती देत नव्हतो.

मामींना तर तुम्ही ओळखताच. "मिरजगावात आमच्याकडे चला," असे मी किती वेळा म्हटले! त्यांचे एकच उत्तर: "म्हशीला तुमच्या दुकानात बांधू का वजनकाट्यावर?" वस्ती सोडायला त्या तयार नाहीत. म्हणून सुनंदा आठवड्यातले चार दिवस हमरस्त्यापासून आत, तुमच्या त्या एकट्या वस्तीवर राहते. शेजारचे घर हाकेच्या टप्प्यात नाही. तुम्ही परवाना काढलात तो याच कारणासाठी, आणि तिला हवा आहे तोही याच कारणासाठी.

"अप्पांचं पिस्तूल मी बाळगणार," ती म्हणाली.

"ज्या हत्याराने भर चाचणीत दगा दिला, ते तू बाळगणार? माझा लेखी अभिप्राय आहे," मी म्हणालो.

"अप्पांचं पिस्तूल जुनं न्हाई, तुमचं मत जुनं झालंय," ती म्हणाली. शाळेत मुलांसमोर बोलताना तुमची लेक किती शुद्ध बोलते! पण चिडली की थेट तुमच्या वस्तीवर येऊन पोहोचते.

मामा, मला ते पिस्तूल पहिल्यांदा दिसले तो दिवस आठवतो का? मी वडिलांबरोबर सुनंदाला बघायला आलो होतो. तुम्ही कमरेचे कातडी म्यान सोडलेत, पिस्तूल उघडून रिकामे असल्याची खात्री केलीत, ते कोनाड्यात ठेवलेत आणि मग आमच्यासमोर पाटावर बसलात. माझ्या वडिलांच्या हातातला पोह्यांचा घास तसाच राहिला होता. तुम्ही मला शिक्षण विचारले नाहीत, पगार विचारला नाहीत. विचारलेत ते एवढेच: "वजनकाट्याचं दुकान हाय म्हनं तुमचं. काट्याचा भरवसा किती?"

मी म्हणालो, "शंभर किलोला वीस ग्रॅमचा फरक पडू शकतो."

तुम्ही वडिलांकडे वळलात. "पाव्हनं, पोरगं खरं बोलतंय. दुसरा कुनी असता तर म्हनला असता, फरक पडतच न्हाई." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारलीत, "चहा टाका गं, जमलं!"

मुलगी दाखवण्याच्या आत लग्न ठरल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

तुमचे ते पिस्तूल बत्तीस बोअरचे, विलायती, सगळे पोलादी. त्याचा आराखडा तुमच्या जन्माच्याही आधीचा. दिसायला अगदी साधे: एक नळी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाईड, पाठीमागे उघडा दिसणारा घोडा, खाली चाप आणि मुठीत सात काडतुसांचे मॅगझिन. मी तुम्हाला कितीदा म्हणालो, की मामा, नवी पिस्तुले हलकी असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, काडतुसेही जास्त बसतात. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि हातातल्या ब्रशने दुसऱ्याच कोणाचे पिस्तूल साफ करत राहायचात.

"जावईबापू, नवं वाईट न्हाई. पर नव्याचं आंग लई आवळ. जुन्याच्या आंगात जराशी ढिलाई ठिवलेली असती. बाजरीच्या खळ्यावरची धूळ शिरली तर आवळ आंगात अडकून बसती, ढिल्या आंगातून निघून जाती. रोज बाळगायचं हत्यार ढिलाईचंच बरं."

"पण मग अचूकता?"

"अचूक नेम मारायला जायचंय कुठं? वस्तीवर हाय मी, ऑलिंपिकला न्हाई!"

दुकानातल्या त्या बाकावर बसून तुम्ही सांगितलेले किस्से माझ्या कानांत आहेत. हत्यार कधी आपणहून बिघडत नाही, माणूस प्रेमाने बिघडवतो, हे तुमचे ठाम मत होते. कोणी पिस्तूल बाजरीच्या कणगीत लपवी, आणि मग नळीतून दाणे निघत. कोणी तंबाखूच्या पिशवीसोबत एकाच खिशात ठेवी, मग मॅगझिनमध्ये चुना! अकोले तालुक्यातले ते वयस्कर बागायतदार आठवतात ना? वर्षभर निष्ठेने खोबरेल लावायचे. थंडीत भंडारदऱ्याच्या बाजूला तेल थिजले आणि स्लाईड हालेना. ते घाबरून दुकानात आले आणि तुम्ही पिस्तूल दहा मिनिटे नुसते बाहेरच्या उन्हात धरलेत. ते आपणहून मोकळे झाले! "तेल डोक्याला लावा, ह्याला न्हाई," एवढे बोलून तुम्ही त्यांना परत पाठवलेत.

पण तुमचा खरा हंगाम दसऱ्यानंतरचा. खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची, म्हणून लोक रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल पाटावर मांडत, ओले कुंकू लावत, वर अक्षता चिकटवत, झेंडू खोचत. पुढचा आठवडाभर दुकानात रांग. स्लाईडच्या खाचेत कुंकवाचा लगदा, चापाच्या मागे तांदूळ, नळीत झेंडूची पाकळी. तुम्ही त्या सगळ्याला 'दसऱ्याचा ताप' म्हणायचात. मी पोट धरून हसायचो. काय लोक आहेत, म्हणायचो. इतके साधे कळू नये?

आता त्या वर्षाकडे येतो. सहा वर्षे झाली.

तुमच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. डॉक्टरांनी खाली वाकायला बंदी केली होती आणि नवा चष्मा यायचा होता. एरवी खंडेनवमीची पूजा तुम्ही स्वतः करायचात; त्या वर्षी ते काम माझ्याकडे आले. मला किती अभिमान वाटला होता! मी माझ्या दुकानातली प्रमाणित पितळी वजने आणली होती, ती ओळीने मांडली. पलीकडे तुमचे पेचकस, चिमटे, ब्रश. आणि मधोमध पाटावर, तुम्ही रिकामे करून दिलेले पिस्तूल.

लोक कुंकू फासतात हे मला ठाऊक होते. म्हणून मी फासले नाही. मी मोजून एकच ठिपका दिला आणि त्यावर एकच अक्षता ठेवली. ठिपका डावीकडे नको, उजवीकडे नको, बरोबर मध्यरेषेवर हवा. सर्वांत उंच, सर्वांत मधली जागा मी नजरेने ठरवली. पिस्तुलाच्या पाठीवर, घोड्याच्या अगदी पुढ्यात.

मामा, यापेक्षा वाईट जागा मला शोधूनही सापडली नसती.

पूजेला मांडलेले हत्यार दसऱ्याची सोने-लुटणी होईपर्यंत हलवायचे नाही, हा मामींचा नियम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आपण फायरिंग रेंजवर गेलो. ते ठरवलेही मीच होते. तुमचे जुने पिस्तूल आणि दुकानाच्या शेठचे नवे पिस्तूल, प्रत्येकी पन्नास गोळ्या, आणि माझ्या हातात रकाने आखलेला कागद. भरवसा, भरवसा असे नुसते म्हणायचे नाही, मोजायचा!

तुम्ही नळीतून उजेड पाहिलात, बाहेरून फडके फिरवलेत आणि म्हणालात, "जरा उघडून बघतो."

आणि मी, मी तुम्हाला अडवले! मी म्हणालो, "नाही मामा. रोज बाळगतो त्याच स्थितीत चाचणी झाली पाहिजे. आधी साफसफाई केली तर निष्कर्षाला अर्थ राहणार नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात. तुम्ही माझ्या पद्धतीचा मान राखलात.

पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसऱ्याला नुसते 'टक्' झाले. तुम्ही नळी समोर लक्ष्याकडेच धरून शांतपणे थांबलात, मग पिस्तूल रिकामे केलेत आणि आमच्याकडे पाठ करून काही तरी निरखलेत. नखाने काही तरी उचकटलेत. मी मागून विचारले, "काय दोष आहे मामा?"

तुम्ही वळलात. चेहरा अगदी सरळ. "स्प्रिंग थकली."

शेठ केवढ्याने हसले! "उस्ताद, तुमचं म्हातारं दमलं की! आता जावईबापूंचं ऐका."

"ऐकावं लागनार," तुम्ही म्हणालात.

त्यानंतरच्या सत्तेचाळीस गोळ्या विनातक्रार गेल्या. मी त्या नोंदवल्यासुद्धा. पण खाली अभिप्राय लिहिला: 'ऐन प्रसंगी एकच गोळी महत्त्वाची असू शकते. सबब सदर पिस्तूल रोज बाळगण्यास अयोग्य.' खाली माझी पूर्ण सही. तुम्ही कागद मागून घेतलात, घडी केलीत आणि म्हणालात, "अक्षर मोत्यावानी हाय तुमचं."

थकलेली स्प्रिंग चौथ्या गोळीपासून तरुण कशी झाली, हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नाही! काट्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसला तर मी अख्खा काटा उघडतो. इथे मला फरक दिसला नाही, कारण निकाल माझ्या मताप्रमाणे लागला होता.

तेव्हापासून मी तो निकाल सगळ्यांना सांगत सुटलो. दिवाळीत सांगितला, लग्नकार्यांत सांगितला, तिसगावच्या तुमच्या साडूंना तर कागदावर रकाने काढून समजावला. तुम्ही शेजारी बसून सुपारी कातरत असायचात. एकदाही म्हणाला नाहीत, की विलास, पुरे. आणखी एक गोष्ट आता ध्यानात येते. त्या वर्षापासून तुम्ही माझ्यासमोर दसऱ्याच्या तापाचे किस्से सांगणे बंद केलेत. खोबरेलाचा सांगायचात, चुन्याचा सांगायचात, कुंकवाचा कधीच नाही. मला वाटले, वयोमानाने विसरलात.

आता कालचे सांगतो.

तुमच्यामागची ही पहिली खंडेनवमी. पूजा करायची की नाही, असा प्रश्न होता; मामी म्हणाल्या, "हत्यारांनी काय केलंय? त्यांची पूजा झालीच पायजे." त्यांनी तुमची पेटी उघडली, फडके पसरले आणि तुमचे पेचकस, तुमचे ब्रश, टोकाला वाकलेला तो चिमटा, सगळे मांडले. पिस्तुलाची जागा मधोमध मोकळी ठेवली. मी माझी वजने मांडली, वाटीत कुंकू कालवले आणि बोट बुडवून तुमच्या चिमट्याकडे नेले.

"थांबा!" मामी ओरडल्या. "जावईबापू, थांबा! त्यो हात मागं घ्या आधी!"

मी दचकलो. सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं गं आई?"

मामींनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटले, त्या रडताहेत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्याने! मामा, तुम्ही गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. सहा महिन्यांचे हसू एकदम बाहेर आले. डोळ्यांतून पाणी येईतो त्या हसल्या, खाली बसल्या आणि पुन्हा हसल्या.

"त्यांनी सांगितलं हुतं," त्या कशाबशा म्हणाल्या, "काय बी हुंदे, जावयाच्या हातात कुंकू द्यायचं न्हाई. आन् का ते इचारलं तर सांगायचं न्हाई. शप्पत घातली हुती मला."

"मग?" सुनंदाने विचारले.

"मग काय! शप्पत त्यांच्या गळ्याची हुती. आता त्यांचा गळा कुठं हाय? आता सांगते."

आणि त्यांनी देवघराच्या फळीवरून तुमचे ते रेक्झिनचे पाकीट काढले, ज्यात परवान्याचे पुस्तक असायचे आणि जे रोज तुमच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचे. पिस्तूल जमा करताना परवाना आम्ही दुकानात दिला होता, पण पाकीट मामींनी ठेवून घेतले होते. आत माझा कागद होता. घड्यांवर झिजलेला, घामाने पिवळा पडलेला, तरी 'अयोग्य' हा शब्द स्पष्ट. कागदाच्या घडीत प्लास्टिकची एवढीशी पुडी, आणि पुडीत एक तांदळाचा दाणा. गुलाबी झालेला.

मागच्या बाजूला तुमचे अक्षर होते. लष्करात हत्याराच्या तपासणीची नोंद करायचात, त्याच पद्धतीने एकाखाली एक:

'तपासनी केली. दोष पिस्तुलात न्हाई.
अक्षता एक नग, घोड्यापुढं.
दाना दिसला, घोडा थांबला.
हात जावयाचा. हात चांगला, कुंकू जास्ती.'

मी ते चार वेळा वाचले. पहिल्या दोन गोळ्यांच्या धक्क्याने दाणा घोड्याच्या आणि पिनेच्या मध्ये घसरला होता, आणि तिसऱ्या वेळी घोडा पिनेपर्यंत पोहोचलाच नव्हता. पाचव्यांदा वाचताना 'दाना दिसला, घोडा थांबला' या ओळीशी आलो आणि मला जे हसू फुटले, ते आवरेना. आम्ही तिघेही तुमच्या हत्यारांसमोर बसून हसत होतो. बाहेर म्हैस ओरडायला लागली.

"त्या दिवशी घरी आले," मामी सांगू लागल्या, "आन् मला म्हनले, तुझा जावई लई हुशार. सोताच्या वजनांवरचं कुंकू दुसऱ्या दिवशी पुसून काढतो, मापात फरक पडंल म्हनून. आन् माझ्या पिस्तुलावर मात्र मापात लावतो! मी म्हनलं, मग सांगितलं का न्हाई तिथंच? तर म्हनले, शेठपुढं सांगू? पोरीचा नवरा हाय. पिस्तुलाला लाज न्हाई वाटत, त्याला वाटंल."

सुनंदाने कागद माझ्या हातातून घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं, लग्नात अक्षता लोकांनी टाकल्या. तुमच्या हातात असत्या तर मंगलाष्टकंच अडकली असती."

मामा, तुमच्यावर माझा एक राग आहे आणि तो इथे नमूद करतो. सहा वर्षे! तुम्ही जिल्ह्यातले नावाजलेले कारागीर. लोक तुम्हाला उस्ताद म्हणायचे. आणि तुम्ही स्वतःच्या हत्याराची बदनामी माझ्या तोंडून, चारचौघांत, सहा वर्षे ऐकून घेतलीत? शेठसमोर नाही, ठीक आहे. पण नंतर कधी बांधावर, कधी जेवताना, एका वाक्यात सांगता आले असते. मी काय एवढा नाजूक होतो?

हो, होतो. हे लिहिताना कळते आहे. तेव्हा सांगितले असतेत तर मी तुमच्या वस्तीवर पुढची दोन वर्षे पाऊल टाकले नसते. माणसाचे वजन करायला तुम्हाला काटा लागत नव्हता.

मामींनी आणखी एक गुपित फोडले. "ते बाळगू नका, मामा," असे मी सांगत राहिलो, आणि आम्ही येणार असलो की तुम्ही पिस्तूल कपाटात ठेवायचात. आमची गाडी हमरस्त्याला लागली की ते पुन्हा कमरेला. रोज रात्री कातड्यातून बाहेर काढून, पुसून, उशाशी कोरड्या फडक्यावर ठेवायचात, कारण कातडे ओल धरते. म्हणजे माझ्या अभिप्रायानंतरही सहा वर्षे ते तुमच्यासोबत रोज हिंडत होते, आणि त्याच्याबरोबर आतल्या खिशात माझा कागद आणि तो दाणा.

अर्जात एक रकाना आहे, 'शस्त्र बाळगण्याचे कारण'. त्या शब्दावरून आपला वाद झाला होता, आठवते? तुम्ही म्हणायचात, "बाळगायचं म्हंजी बाळावानी सांभाळायचं. निजवायचं, पुसायचं, कुनाला दिसू द्यायचं न्हाई, आन् हाय म्हनून मिरवायचं न्हाई." मी म्हणायचो, व्युत्पत्ती तशी नाही, मी कोश बघून सांगतो. कोश मी अजून बघितलेला नाही. आता बघणारही नाही. तुम्ही माझी चूक सहा वर्षे तशीच बाळगलीत. ती कोणाला दिसू दिली नाहीत आणि मिरवलीही नाहीत. मला एवढा पुरावा पुरेसा आहे.

काल संध्याकाळी मी तोच कागद पुढ्यात घेतला. खाडाखोड चालत नाही, म्हणून 'अयोग्य' या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, वर 'योग्य' लिहिले आणि बाजूला लहान सही केली. समासात कारण लिहिले: 'दोष चाचणी घेणाऱ्याचा.' मग तो सुनंदापुढे ठेवला आणि म्हणालो, "सोमवारी जाऊ."

"संमती?" तिने विचारले.

"संमती. आणि दिलगिरी."

"दिलगिरी अप्पांना लिवा. मला गाडी वेळेवर काढा, तेवढं बास."

म्हणून हे पत्र.

आज सकाळी मामींनी सोने वाटले. आपट्याचे पान माझ्या हातात देताना पुन्हा हसू दाबत म्हणाल्या, "हे खिशात ठिवा, पिस्तुलात घालू नका." हे आता घरात कायमचे झाले आहे, मामा. आता प्रत्येक दसऱ्याला हे ऐकावे लागणार, आणि खरे सांगू? मला ते हवे आहे. तुम्ही बंद केलेले कुंकवाचे किस्से आता मी सांगणार आहे. पहिला माझाच.

परवाना मिळायला वेळ लागेल. चौकशी होईल, सुनंदाला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणावे लागेल, पोलीस वस्तीवर येऊन जातील. कागदपत्रांची काळजी करू नका. ते काम माझ्या हाताला जमते. पण पिस्तूल घरी आल्यावर त्याला माझा हात लागणार नाही. ते उघडायचे, पुसायचे, तपासायचे काम सुनंदाचे. ती अडीच मिनिटांत ते सुटे करून जोडते, आणि हे तिला तुम्ही नवव्या वर्षी शिकवले होते, ही बातमीही मला कालच मिळाली! तुमच्या घरात मला न सांगितलेल्या आणखी किती गोष्टी आहेत, एकदा यादी पाठवा.

आता वचन देतो, आणि ते लेखी देतो. पुढच्या खंडेनवमीला तुमचे पिस्तूल रिकामे करून पाटावर मधोमध मांडले जाईल. कुंकू पाटाला लागेल, हत्याराला नाही. समोर एकच झेंडूचे फूल राहील, चांगले वीतभर लांब. ते अंतर मी पट्टीने मोजीन, तेवढे करू द्या. तो दाणा पाकिटात त्याच पुडीत राहील आणि सुनंदा पिस्तूल बाळगेल त्या प्रत्येक दिवशी तो तिच्याबरोबर असेल. आणि कोणी मला विचारले, की या जुन्या घडणीच्या हत्याराचा भरवसा किती, तर मी तुमच्यासमोर पहिल्या दिवशी बोललो होतो तसेच बोलेन. म्हणेन, पन्नासात एकदा अडले होते. त्या एकदाचे नाव विलास.

आपला आज्ञाधारक, हात चांगला परंतु कुंकू जास्ती असलेला जावई,

विलास
मिरजगाव, दसरा